इस्तंबूलला नव्याने येताय? शेजाऱ्यांबद्दल थोडं

इस्तंबूलच्या काडकोय भागात राहून मला तेरा वर्षं झाली. भाडेकरार, मेट्रोचं कार्ड, भाजीबाजार हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं. माणसं कळायला मात्र मला फार वेळ लागला, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक 'होजा' राहतात, म्हणजे मास्तर. पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेले, तेव्हा सहज विचारलं, "कुठल्या शाळेत शिकवता?" ते गप्प. त्यांची बायको चहाचा इवलासा पेला बशीत नुसता फिरवत राहिली. २०१६ च्या फसलेल्या बंडानंतर सरकारी हुकुमांनी लाखाहून जास्त कर्मचारी काढले गेले. याद्या राजपत्रात छापून यायच्या. होजांनी आपलं नाव रात्री मोबाइलवर वाचलं. नोकरी गेली, पासपोर्टही रद्द झाला. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी कुणाला नोकरी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

तुर्कस्तान १९९९ पासून युरोपीय संघाचा उमेदवार आहे आणि २००५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. त्याच ओढीने फाशीची शिक्षा गेली, सरकारी वाहिनीवर कुर्दी भाषा ऐकू आली. होजा त्या दिवसांबद्दल आजही भरभरून बोलतात. २०१८ पासून वाटाघाटी ठप्प आहेत. तुरुंगात असलेले उद्योजक उस्मान कवाला यांना सोडा, असं युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. उलट २०२२ मध्ये त्यांना जन्मठेप झाली.

तुमच्यापुरतं सांगायचं तर इकामेतचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं कार्ड कायम जवळ बाळगा. राजकीय पोस्ट पुढे पाठवण्याआधी थांबा, कारण तुर्की दंडसंहितेच्या कलम २९९ खाली राष्ट्राध्यक्षांच्या अपमानाला एक ते चार वर्षं कैद आहे. मोर्च्यात सापडलात तर परदेशी माणसाला हद्दपारही करू शकतात. पोलिसांनी धरलंच, तर वकील आणि आपला वाणिज्य दूतावास दोन्ही मागा, आणि न समजलेल्या कागदावर सही करू नका.

शनिवारी दुपारी बाराला इस्तिकलाल रस्त्यावर गलातासराय चौकापाशी बायका दिसतील. हातात लाल कार्नेशनची फुलं, छातीशी फोटो. पोलिसांनी नेल्यावर परत न आलेल्या मुलांसाठी, नवऱ्यांसाठी, भावांसाठी त्या १९९५ पासून जमतात. २०१८ मध्ये त्यांचा सातशेवा शनिवार पोलिसांनी उधळला, तरी त्या येतातच. मोबाइल खिशात ठेवा, वाट द्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका आजींच्या हातातला फोटो इतका जुना होता, की त्यातला मुलगा त्यांचा नातू वाटला.