विदेशी प्राणी घरी आणताय? या चुका टाळा

गुदगुल्या केल्या की स्लो लोरिस, म्हणजे मोठ्या डोळ्यांचा, माकडांच्या नात्यातला एक छोटा प्राणी, दोन्ही हात वर करतो. त्याचे व्हिडिओ बघणाऱ्यांना वाटतं, स्वारी खूश आहे. खरं तर त्या क्षणी तो पुरता घाबरलेला असतो. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. हात वर करून तो तिथला स्राव चाटतो, आणि तो लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो. म्हणूनच विकणारे त्याचे दात आधीच कापून टाकतात, तेही भूल न देता. २००७ मध्ये तो सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात गेला. म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद, पण व्हिडिओ चालूच.

तर पहिली चूक हीच: प्राण्याचा चेहरा माणसाचा समजून वाचणं. चिंपांझी दात विचकतो तेव्हाही बहुतेकदा तो भ्यालेला असतो.

दुसरी चूक, माणसाळलेला म्हणजे पाळीव असं धरून चालणं. सायबेरियात १९५९ पासून कोल्ह्यांवर एक प्रयोग झाला. दर पिढीत सगळ्यात मवाळ कोल्हे निवडून फक्त त्यांचीच वीण पुढे नेली, तेव्हा कुठे शेपटी हलवत जवळ येणारी पिल्लं जन्मू लागली. तुम्ही बाटलीने दूध पाजून वाढवलेलं माकड तुमची सवय झालेलं रानटी माकडच असतं. लंगोट बांधून खांद्यावर बसतं तोवर गोड. चार-पाच वर्षांत वयात आलं की घरात कोणाचं चालतं हे दातांनी ठरवू पाहतं. कॅप्युचिन माकड चाळीस वर्षंही जगतं, तेव्हा पुढचा हिशेब तुम्हीच करा. रोगराई तर दोन्हीकडून. मकाक जातीच्या माकडांतला बी विषाणू माणसाच्या जिवावर बेतू शकतो, आणि आपल्या ओठावर तापाचे साधे फोड उठलेले असताना मार्मोसेट या चिमुकल्या माकडाचा पापा घेतला तर ते बिचारं मरू शकतं.

मी स्वतः फसलो ते कासवात. रेड-इअर्ड स्लायडर, नाण्याएवढं, हिरवंगार. दुकानदाराने गोल काचेच्या भांड्यात घालून दिलं आणि वर सांगितलं, “एवढंच राहतं हो.” ते २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि तीस वर्षं सहज काढतं, हे मला नंतर कळलं. काही महिन्यांनी पाठीवर अंगठा ठेवला तर कवच ओल्या पुठ्ठ्यासारखं दबलं. भांडं खिडकीत होतं, ऊन भरपूर येत होतं, मग हे कसं? कारण खिडकीची काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण जवळपास सगळे अडवते, आणि ते नसले की अंगात कॅल्शियम मुरत नाही. यूव्हीबीचा दिवा लावणारेही इथेच चुकतात. दिवा पेटलेला दिसतो, पण सहा महिने ते वर्षभरात त्यातले ते किरण ओसरलेले असतात. बदलण्याची तारीख दिव्यावरच लिहून ठेवा. पूर्ण वाढलेल्या कासवाला अंग शेकायला कोरडी जागा आणि चारेकशे लिटरची टाकी लागते. नुसतं पाणीच चारशे किलो! त्याखालचं टेबल कसलं आहे तेही बघा. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण कासवं साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू बाळगतात. लहान मुलं ती तोंडात घालत, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

शुगर ग्लायडर (झाडावरून झाडावर तरंगत जाणारा, खारीसारखा दिसणारा प्राणी) एकटा ठेवू नका, तो कळपातला आणि रात्रीचा प्राणी आहे. मागचे पाय ओढत चालायला लागला तर बहुधा कॅल्शियम कमी पडतंय. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आफ्रिकन ग्रे पोपट स्वतःची पिसं उपटत असेल तर आधी आजार तपासून घ्या. आजार नसेल, तर बहुतेकदा तो कंटाळलेला किंवा एकटा पडलेला असतो.

आता सांभाळणं झेपत नसेल तर? तळ्यात सोडून यायचं, ही सगळ्यात वाईट चूक. सोडून दिलेल्या स्लायडरांनी कितीतरी देशांत स्थानिक कासवांच्या शेकण्याच्या जागा आणि खाणं बळकावलंय, आणि अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या पाणथळ भागात बर्मी अजगरांनी सस्तन प्राण्यांचा फडशा पाडलाय. पुनर्वसन केंद्राला फोन करा. तिथे जागा मिळायला वेळ लागतो; मला आठ महिने लागले. तोवर टाकी आणि दिवा तरी नीट करून द्या. माझ्या कासवाचं कवच त्या आठ महिन्यांत कडक झालं, पण कडा कायमच्या वर वळलेल्या राहिल्या.