ब्लास्टिंग कॅबिनेट चालवताना या चुका टाळा: प्रेशर वाढवण्याआधी काय तपासाल?

ब्लास्टिंग कॅबिनेट म्हणजे हवेच्या झोताने बारीक कण, म्हणजे माल, मारून आतली वस्तू, म्हणजे जॉब, साफ करणारी बंद पेटी. गंज निघेना झाला की हात आपोआप हवेचं प्रेशर ठरवणाऱ्या रेग्युलेटरकडे जातो. कॅबिनेटवर काम करणाऱ्यांची ही सगळ्यात जुनी सवय, आणि बऱ्याच बिघाडांची सुरुवात इथूनच होते. प्रेशर चढवलं की ग्लास बीड (काचेचे बारीक गोल मणी) फुटून त्यांचं पीठ होतं, आत धुकं दाटतं, बघायची काच आंधळी होते. जॉब मात्र होता तसाच. ग्लास बीड साधारण 40 ते 60 पीएसआयला (हवेच्या दाबाचं एकक) उत्तम चालतात. अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या धारदार कणांना 80 च्या आसपास पुरतं. मुळात ग्लास बीड पृष्ठभाग साफ आणि तुळतुळीत करायला असतात. जाड गंज खरवडायचा असेल तर धारदार कणांचा माल भरा, बीडवर जोर काढू नका.

प्रेशरचा काटा नेहमी गनचं पेडल दाबलेलं असताना वाचा. गन बंद असताना 90 दाखवणारा काटा गन चालू होताच 50 वर घसरत असेल, तर हवा अपुरी पडते आहे. रेग्युलेटर कितीही फिरवला तरी ती वाढणार नाही. सायफन गन हवेच्या ओढीने माल खेचते. तिचं जेट, म्हणजे आतलं हवेचं भोक, 3 मिलिमीटर असेल तर 80 पीएसआयवर साधारण 15 ते 20 सीएफएम (दर मिनिटाला घनफूट) हवा लागते. 2 एचपीचा छोटा कॉम्प्रेसर 6 ते 8 देतो. मग तो न थांबता पळत राहतो, तापतो, गरम हवेबरोबर वाफ लाइनमध्ये येते आणि पुढे गार होऊन पाणी होते. माल ओला होण्याचं खरं कारण पुष्कळदा हे असतं. लहान जेट आणि त्याच्या जोडीचं नोझल (झोत बाहेर पडतो ते गनचं टोक) लावा, किंवा थोडं थोडं काम करून टाकी भरू द्या.

ओलावा ओळखायला यंत्र लागत नाही. हॉपरमधला, म्हणजे कॅबिनेटच्या तळाच्या नरसाळ्यातला, माल मुठीत दाबा आणि मूठ उघडा. कोरडा माल बोटांतून सरकन निसटतो, ओलसर माल मुठीचा आकार धरून बसतो. असा माल पाइपात अडकतो आणि गन धापा टाकल्यासारखी थांबून थांबून फवारते. टाकीतलं पाणी रोज काढा. वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटवून लावू नका, कॅबिनेटच्या जवळ लावा. तोवर हवा गार होते आणि पाणी पकडीत येतं. माल कोरडा असूनही गन धापा टाकत असेल, तर मालाचं प्रमाण जास्त आहे. माल उचलणाऱ्या पिकअप पाइपाजवळची हवेची वाट थोडी उघडा. आणि गन माल ओढतच नसेल, तर गनपाशी मालाचा पाइप काढून गनच्या त्या तोंडाशी हातमोजा घातलेलं बोट धरा. ओढ लागली तर गन ठीक, तुंबलंय ते पाइपात.

ओढ लागली नाही तर नोझल बघा. सायफन गनमध्ये नोझलचं भोक जेटच्या साधारण दुप्पट असतं. माझ्याकडे 6 मिलिमीटरचं नोझल आहे, म्हणून साडेसातचा ड्रिल कायम कॅबिनेटशेजारी असतो. त्याचा मागचा गुळगुळीत दांडा आत गेला की नोझल बदलायचं. दीड मिलिमीटर किरकोळ वाटतं, पण तेवढ्यात भोकाचं क्षेत्रफळ दीडपटीच्या वर जातं आणि झोत विस्कटतो.

गन जॉबवर काटकोनात धरणं ही आणखी एक नासाडी. उलट उडालेले कण येणाऱ्या कणांवर आदळतात आणि काचेवर ओरखडे उठतात. 45 ते 60 अंशांचा तिरका कोन आणि वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर, एवढं सांभाळा.

आता ज्याबद्दल मला खरोखर कळकळ आहे ते. कॅबिनेटमध्ये वाळू भरू नका. कितीही बारीक चाळलेली, कितीही धुतलेली असली तरी नाही. वाळू आदळून फुटली की स्फटिकी सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ होते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्याला बरं करणारं औषध नाही. ब्रिटनने ब्लास्टिंगसाठी वाळू 1950 मध्येच बंद केली. 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ माणसात कर्करोग घडवते असं जाहीर केलं. कॅबिनेट बंद असतं म्हणून धोका नाही, हा समज चुकीचा आहे. फाटलेलं गॅस्केट, भोक पडलेला हातमोजा, भरलेला फिल्टर, एवढ्या वाटा धुळीला पुरतात.

माल कोणताही असो, पेडल सोडल्या सोडल्या दार उघडू नका. धूळ ओढून घेणारा डस्ट कलेक्टर चालू ठेवून आतलं धुकं निवळेपर्यंत थांबा. एकदा खिडकीतून तिरपं ऊन येत असताना मी घाईने दार उघडलं आणि माझ्या तोंडासमोरून वर चढणारा तो राखाडी लोट पहिल्यांदा नीट दिसला. तेव्हापासून माल भरताना आणि फिल्टर झाडतानाही मास्क लावतो. दार उघडं असताना गन चालू न देणारा सेफ्टी स्विच तर कधीच बांधून ठेवू नका. झोत हातात घुसला तर बाहेरून टिचभर जखम दिसते, आत मात्र हवा आणि कण खोलवर शिरलेले असतात. अशा वेळी मलमपट्टी करत न बसता लगेच रुग्णालय गाठा.

अॅल्युमिनियम आणि गंजलेलं लोखंड आलटून पालटून ब्लास्ट करत असाल, तर मध्ये कलेक्टर रिकामा करा. त्या दोन धुळी एकत्र साठल्या आणि ठिणगी मिळाली तर भयंकर आग लागते. हातांना झटके बसत असतील तर अर्थिंग सुटलंय. कॅबिनेट आणि गन दोन्हींचं तपासा.

तेलकट जॉब आत टाकलात तर सगळा माल नासतो, म्हणून आधी डीग्रीझ करून (तेल-ग्रीस काढून) पूर्ण वाळवा. आटे आणि बेअरिंगच्या जागा झाका. तेलाच्या बारीक वाटा असलेला इंजिनचा भाग शक्यतो कॅबिनेटमध्ये नेऊच नका, कारण त्या वाटांमधला शेवटचा कण काढणं जवळपास अशक्य असतं. आणि ब्लास्ट झालेलं लोखंड उघड्या हाताने उचलू नका. दमट हवेत काही तासांत त्यावर गंजाची झाक येते, आणि पहिल्यांदा उमटतात ते बोटांचे ठसे. प्रायमर त्याच दिवशी लावा.