द्राक्षाची काडी रुजवताना: मातृवेलीच्या निवडीपासून कलमापर्यंत

थॉमसन सीडलेससारख्या बिनबियांच्या द्राक्षात फलन होते, परंतु बी अर्धवट वाढून थांबते. त्यामुळे नाशिक परिसरात या वाणाच्या जेवढ्या वेली उभ्या आहेत, त्यांतील प्रत्येक वेल कुठल्या ना कुठल्या जुन्या वेलीच्या काडीपासून झालेली आहे. बी न वापरता खोड, मूळ किंवा पान यांपासून नवे झाड तयार होण्याच्या या रीतीला शाकीय प्रजनन म्हणतात. वनस्पतींच्या अलैंगिक प्रजननाचा हा शेतीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी प्रकार होय. निफाड-लासलगावकडचा शेतकरी कांद्याचे बी डेंगळ्यांतून (फुलांच्या दांड्यांतून) धरतो, पण लसूण पाकळीनेच लावतो. बटाटा डोळ्यावर उगवतो आणि पानफुटीच्या पानाच्या कडेला आपोआप रोपे फुटतात. बियाच्या रोपात दोन पालकांचे गुण मिसळतात, तर काडीच्या रोपात एकाच वेलीचे गुण जसेच्या तसे उतरतात.

मातृवेल आधी निवडावी

गुण जसे उतरतात, तसे वेलीच्या अंगातले विषाणूजन्य रोगही काडीबरोबर नव्या रोपात येतात आणि पुढे कोणत्याही फवारणीने ते जात नाहीत. म्हणून छाटणीच्या दिवशी बांधावर पडलेल्या ढिगातून हाताला येईल ती काडी उचलणे योग्य नव्हे. जानेवारी ते मार्च या काळात, घड वेलीवर असतानाच बागेत फिरावे; सलग चांगले घड देणाऱ्या, पाने निरोगी असलेल्या वेली निवडून त्यांच्या खोडावर रंगाची खूण करावी. माझ्या मते या संपूर्ण कामातील हीच सर्वांत मोलाची पायरी आहे. या निरीक्षणाचा आणखी एक लाभ आहे. क्वचित एखाद्या डोळ्यात नैसर्गिक उत्परिवर्तन होते आणि त्यातून निघालेली फांदी मूळ वेलीहून वेगळी फळे देते. तास-ए-गणेश आणि सोनाका हे वाण थॉमसनमधूनच अशा निवडीने मिळाले, आणि काडीने लावले म्हणूनच ते टिकले.

काडी घेणे आणि लावणे

ऑक्टोबरच्या फळछाटणीत खूण केलेल्या वेलींच्या काड्या वेगळ्या ठेवाव्यात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तपकिरी सालीची काडी घ्यावी आणि एक आडवा काप घेऊन पाहावे: मधला गाभा तपकिरी झालेला असेल आणि सालीखाली ओलसर हिरवे कडे दिसत असेल, तर काडी पक्व आणि जिवंत आहे. गाभा पांढरट हिरवा असेल तर ती काडी कोवळी आहे, ती सोडून द्यावी. चार डोळ्यांचे तुकडे करताना खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ द्यावा आणि वरचा काप डोळ्याच्या वर साधारण 2 सेंटिमीटर अंतरावर तिरपा द्यावा. त्यामुळे लावताना वरची व खालची बाजू चुकत नाही. काडीला मुळे तिच्या मूळच्या खालच्या टोकाकडेच फुटतात, म्हणून ही खूण महत्त्वाची आहे.

बुरशीनाशकाच्या द्रावणात काड्या बुडवून, खालच्या टोकाला मुळे फुटण्यासाठी मिळणारी संजीवक पावडर लावावी. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत भरलेल्या, तळाशी छिद्रे पाडलेल्या पिशवीत दोन डोळे मातीत व दोन वर राहतील अशी काडी खोचून भोवतीची माती घट्ट दाबावी. माती ओलसर असावी, चिखल नसावा. वरचे डोळे काडीतल्या साठवलेल्या अन्नावर आधी फुटतात आणि मुळे नंतर येतात, त्यामुळे पालवी दिसताच काडी उपटून पाहणे किंवा रोप हलवणे टाळावे. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत अनेकदा 10 अंशांच्या खाली जातो आणि त्या थंडीत मुळे फार सावकाश वाढतात. पिशव्या वाऱ्याच्या आडोशाला ठेवाव्यात आणि धीर धरावा.

खुंटावर कलम

परसातल्या मांडवासाठी एवढे रोप पुरेसे आहे. शेतात मात्र खारवट जमीन आणि पाण्याची टंचाई सोसणाऱ्या डॉगरिजसारख्या खुंटावर, म्हणजे केवळ मुळांसाठी लावलेल्या दुसऱ्या द्राक्षवेलीवर, हव्या त्या वाणाची काडी जोडून कलम करतात. (एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने मुळे खाल्ल्यावर फ्रान्समधील बागाही अमेरिकी द्राक्षांच्या खुंटावर कलम करूनच वाचल्या.) वर्षाच्या सुरुवातीला लावलेला खुंट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलमाजोगा होतो. तेव्हा खुंट जमिनीपासून हातभर उंचीवर कापून मधोमध उभी चीर द्यावी, दोन डोळ्यांच्या तेवढ्याच जाडीच्या काडीला खाली दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तिरपा छेद द्यावा आणि ती चिरेत बसवावी. सालीखालच्या ज्या हिरव्या थरातील पेशी विभागून जखम भरून काढतात, ते दोघांचे थर एकमेकांना चिकटले पाहिजेत. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला लावावी. मग कलमपट्टी खालून वर घट्ट गुंडाळावी.

खुंटावर खालून येणारे फुटवे दिसतील तेव्हा काढावेत, अन्यथा वरच्या डोळ्याचे अन्न तेच घेतात. नवा फुटवा बांबूला सैल बांधावा आणि जोड पक्का झाल्यावर कलमपट्टीला उभा काप देऊन ती मोकळी करावी, म्हणजे जाड होणाऱ्या खोडात ती रुतणार नाही.