एजंटच्या निधनानंतर थांबलेले नूतनीकरण कमिशन : माझा अनुभव

वडील नाशिकमध्ये विमा एजंट होते. त्यांच्या निधनानंतर पॉलिसीधारकांचे हप्ते नियमित भरले जात असूनही आईच्या खात्यात हेरिडिटरी कमिशन (एजंटच्या निधनानंतर त्याच्या वारसाला मिळत राहणारे नूतनीकरण कमिशन) जमा होत नव्हते. शाखेत मृत्यूचा दाखला दिला, ईमेल पाठवले, फोन केले. उत्तर एकच, ‘प्रक्रियेत आहे’. आईची ती घालमेल पाहवत नव्हती.

अडचण अशी होती की दाखला वडिलांच्या स्वतःच्या पॉलिसीच्या दाव्यासोबत दावे विभागात गेला होता. एजन्सीचे नामनिर्देशन (एजंटनंतर कमिशन कोणाला द्यायचे याची नोंद) मात्र वेगळे असते आणि ते एजन्सी विभागाच्या फाइलमध्ये असते.

म्हणून प्रथम महापालिकेकडून दाखल्याच्या जादा प्रती घेतल्या. मग एजन्सी विभागाच्या नावे स्वतंत्र अर्ज केला, त्यात एजन्सी कोड व मृत्यूची तारीख लिहून नामनिर्देशनाची नोंद तपासण्याची आणि थकीत कमिशनचे महिनावार विवरण देण्याची मागणी केली. सोबत आईचे पॅन, आधार आणि नाव छापलेला रद्द केलेला धनादेश जोडला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा गोल शिक्का व आवक क्रमांक घेतला. पुढचा सगळा पाठपुरावा त्याच क्रमांकावर झाला.

नोंद आईच्या नावे होताच थकबाकीसह रक्कम जमा झाली. पॅन न दिल्यास कर 20 टक्क्यांनी कापला जातो, म्हणून ते आधीच द्यावे. कपात आईच्याच पॅनवर दिसते का, हे आयकर खात्याच्या वार्षिक करविवरणात (पूर्वीचा फॉर्म 26एएस) तपासावे.