पेटंट मोजून राज्याचं इनोव्हेशन ठरवताय? या चुका टाळा

दर वर्षी एम.ए. अर्थशास्त्राची मुलं प्रबंधाचा कच्चा मसुदा घेऊन माझ्याकडे येतात. यंदा एका विद्यार्थिनीनं 'महाराष्ट्रातील पेटंट आणि आर्थिक वाढ' हा विषय घेतला होता. तक्त्यात मुंबई-पुण्याचे आकडे भरभक्कम, आणि नागपूरच्या ओळीत इतकी किरकोळ संख्या की तिचंच मन खट्टू झालं. "सर, आपल्याकडे संशोधन होतच नाही का?"

होतं. तिनं अर्जदाराचा पत्ता मोजला होता, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे.

नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ पासून नागपुरात आहे. पाणी, हवा, सांडपाणी या विषयांवरचं तिचं काम इथल्या प्रयोगशाळांत होतं. पण पेटंटचा अर्ज जातो तिच्या मातृसंस्थेच्या, सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) नावानं, आणि सीएसआयआरचा पत्ता नवी दिल्लीतल्या रफी मार्गाचा. नागपुरातल्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची मातृसंस्था आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद), तिचंही मुख्यालय दिल्लीतच. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात एखाद्या इंजिनिअरनं यंत्रात सुधारणा केली, तर ती कंपनीच्या मुंबईतल्या मुख्यालयाच्या खात्यावर चढते. डोकं नागपूरचं, नोंद दुसऱ्या गावाची. केंद्रीय संस्थांच्या बाबतीत तर ती नोंद महाराष्ट्राबाहेरच जाते.

यावर उपाय आहे, फक्त वेळखाऊ. अर्जाच्या फॉर्म १ मध्ये शोधकर्त्यांचेही पत्ते असतात, ते मोजा. शहराच्या नावापेक्षा पिनकोड धरा: ४४० म्हणजे नागपूर शहर. ४४१ घेताना मात्र जपून, त्यात नागपूर ग्रामीणबरोबर भंडारा-गोंदियाही येतात. एका अर्जावर तीन शहरांतले शोधकर्ते असतील तर प्रत्येक शहराला पूर्ण एक गुण देऊ नका, एक तृतीयांश द्या. नाहीतर बेरीज फुगते.

दुसरी चूक शब्दांची आहे आणि ती मला फार खुपते. कॉलेजच्या गेटवर 'पेटंट प्रकाशित' म्हणून अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो आणि सगळे समजतात पेटंट मिळालं. अर्ज दाखल होणं, प्रकाशित होणं (म्हणजे तो सगळ्यांना वाचायला खुला होणं) आणि मंजूर होणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रकाशनाच्या वेळी अर्ज कोणी तपासलेलाही नसतो. फॉर्म ९ भरून शुल्क दिलं की तो लवकर प्रकाशित होतो. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे. सवलत चांगलीच आहे, पण त्यानंतर अर्जांची संख्या वाढली तर ती सगळी वाढ नव्या कल्पनांची मानता येत नाही. डिझाइन नोंदणी तर वेगळ्याच कायद्याखाली होते, ती पेटंटमध्ये मिसळू नका.

मग फक्त मंजूर पेटंट मोजावीत का? तिथंही खड्डा आहे. देशात २०२२-२३ मध्ये सुमारे ३४ हजार पेटंट मंजूर झाली, २०२३-२४ मध्ये एक लाखाहून जास्त. एका वर्षात भारताची कल्पकता तिप्पट झाली नाही. पेटंट कार्यालयानं तुंबलेली प्रकरणं निकाली काढली. म्हणून मंजूर पेटंटही दाखल झाल्याच्या वर्षात बसवा. त्यातली किती अजून जिवंत आहेत तेही बघा. नूतनीकरण शुल्क भरलं नाही की पेटंट संपतं, आणि वर्षानुवर्षं खिशातून पैसे भरून जपलेलं पेटंट धन्याला त्याची किंमत वाटते याचा बऱ्यापैकी पुरावा असतो. शंका असेल तर सिव्हिल लाइन्समधल्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत जाऊन विचारा. पेटंट परीक्षकांचं प्रशिक्षण जिथं होतं ती जागा आपल्याच गावात आहे.

शेवटच्या दोन वर्षांत आलेख अचानक कोसळला तर घाबरू नका. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रकाशित होतो, त्यामुळे पेटंट शोधायच्या ऑनलाइन प्रणालीत ताजी वर्षं अर्धवट दिसतात. ती कापून टाका.

आता वाढीची बाजू. राज्याचं सकल उत्पन्न चालू किमतींत घेतलं तर महागाईच वाढ म्हणून मोजली जाते. स्थिर किमती, म्हणजे एकाच ठरावीक वर्षाच्या किमती घ्या. पेटंटही वर चढतात, उत्पन्नही चढतं, मग दोन्हींचा सहसंबंध १ या कमाल आकड्याच्या जवळ येणारच, त्यांचा एकमेकांशी संबंध असो वा नसो. त्याऐवजी दोन्हींच्या वाढीचे दर ताडून पाहा, मध्ये काही वर्षांचं अंतर ठेवून. आणि उलटा प्रवाह तपासा: श्रीमंत कंपन्यांना अर्ज परवडतात, म्हणजे वाढ आधी आणि पेटंट नंतर असंही असू शकतं.

राहिली विदर्भाच्या जिव्हाळ्याची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात लोंब्या निवडून एचएमटी तांदूळ तयार केला. आपल्या किराणा दुकानांत तो आजही पोत्यानं विकला जातो. पेटंटच्या तक्त्यात त्याला जागा नाही, कारण पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार बियाणं आणि वाण यांना पेटंट मिळत नाही. वाणांसाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची नोंदवही वेगळी. त्या विद्यार्थिनीला मी हा रकाना वेगळा करायला सांगितलं. कापूस, धान, संत्रं यांवर जगणाऱ्या प्रदेशाची कल्पकता मोजायची तर ती नोंदवहीही उघडावी लागते.