मोत्यांचा सर गाठवताना

सर बिघडतो तो बहुधा मोत्यांमुळे नाही, दोऱ्यामुळे. दोरा मोत्याच्या आकारावरून नव्हे, छिद्रावरून निवडायचा. गोड्या पाण्यातला मोती ८ मिमीचा असला तरी त्याचं छिद्र अनेकदा जेमतेम ०.७ ते ०.८ मिमी असतं. काचेच्या मोत्याचं सहसा त्याहून मोठं. रेशमी दोऱ्यात २ नंबर म्हणजे ०.४५ मिमी, ४ नंबर म्हणजे ०.६० मिमी. दोरा छिद्रातून किंचित अडतच गेला पाहिजे. सैल गेला तर दोन मोत्यांमधली गाठ मोत्याच्या पोटात शिरते.

एकसारख्या सरासाठी अकोयासारखे (समुद्री शिंपल्यातले) गोल मोती घ्या. बसके, बटणासारखे मोती कानातल्यांत शोभतात. वेडेवाकडे बरोक मोती एकेकटे लटकवावेत; सरात ते एकमेकांना ढकलतात. काचेच्या मोत्याचा रंग आधी छिद्राच्या कडेला सोलतो, तेव्हा घेताना तिथेच बघा.

४५ सेंमीच्या माळेला ७ मिमीचे साधारण ५५ मोती आणि सुई जोडलेला २ मीटर दोरा पुरतो. नवं रेशीम ताणतं, म्हणून दोरा आदल्या रात्री हलकं वजन बांधून टांगून ठेवा.

दोन्ही टोकांच्या तीन-तीन मोत्यांतून दोरा दोनदा जातो. ती छिद्रं हिऱ्याच्या बारीक कानसीने १ मिमीपर्यंत रुंद करा, तीही पाण्यात बुडवून आणि दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी. एकाच बाजूने घासत गेलात तर पलीकडची कड टवका होऊन उडते. कोरडं घासू नका, ती भुकटी छातीला वाईट.

आता तीन मोती, मग फ्रेंच वायरचा (दोरा आतून जाईल अशी बारीक तारेची गुंडाळी) ७-८ मिमी तुकडा आणि हूकची कडी ओवा. मागे १५ सेंमी शेपूट सोडा. सुई हूकला लागून असलेल्या मोत्यातून परत आणा. वायरचा फास कडीभोवती घट्ट बसेल. शेपटाशी गाठ मारा, पुढचा मोती, पुन्हा गाठ, असं तिसऱ्यापर्यंत.

पुढे खरं काम. मोती सरकवा, दोऱ्याचा सैल फास करून सगळा सर त्यातून काढा. फासात टोच्याचं टोक घालून फास मोत्याला टेकेपर्यंत सरकवा. टोक मोत्याला चिकटलेलंच ठेवा, गाठ आवळत आणा आणि अगदी शेवटी टोचा काढून नखाने गाठ मोत्याकडे रेटा. टोचा घाईने निघाला की मध्ये फट राहते, आणि आवळलेली रेशमी गाठ सुटत नाही. पहिल्या दहा गाठी स्वस्त मण्यांवर घालून हात बसवा.

शेवटच्या तीन मोत्यांमध्ये गाठी न घालता फक्त गाठीपुरती जागा सोडा. त्या हूकच्या दुसऱ्या बाजूच्या कडीतून परत येणाऱ्या दोऱ्याने घालायच्या. झटपट चिकटणारा डिंक लावू नका, रेशीम कडक होऊन तिथेच तुटतं. माळ ओली झाली तर कपड्यावर आडवी वाळवा. टांगली की ओलं रेशीम लांबतं.