बेस रेकॉर्डिंग : लाल बटण दाबण्याआधी

प्रीअँप (बेस गिटारचा सिग्नल वाढवून त्याला घडवणारा डबा) आणला की बेस आपोआप दणकेबाज वाजतो, हा समज आधी डोक्यातून काढा. मिळेल तेच तो पुढे पाठवतो. तारा मेलेल्या असतील तर मेलेला आवाजच मोठा होऊन येतो. म्हणून पहिली नजर तारांवर. नव्या घालायच्या असतील तर आदल्या दिवशी चढवा, म्हणजे ताण बसतो. (जुन्या फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट गुंडाळलेल्या तारांचा गोल, दबका आवाजच हवा असेल तर मात्र त्यांना हात लावू नका.) मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा निघाला तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) नेकपासून थोडं लांब सरकवा.

बेस अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला असेल तर ९ व्होल्टची नवी बॅटरी टाका. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये केबल लावलेली राहिली की बॅटरी चालूच राहते. मी एकदा रात्रभर केबल तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ऐन टेकमध्ये आवाज चरचरायला लागला. अर्धा तास प्रीअँपचे नॉब पिळत बसलो, दोष मात्र बेसच्या पोटात.

आता जोडणी. प्रीअँपचं लाइन आउटपुट इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डब्याच्या) लाइन इनपुटमध्ये जाऊ द्या. मध्ये प्रीअँप असताना इंटरफेसवरचं इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबायची गरज नाही. एक्सएलआरने (माइकच्या तीन पिनांच्या केबलने) माइक इनपुटमध्ये जात असाल तर फँटम पॉवर (माइकला केबलमधून जाणारी वीज) बंद आणि गेन (इनपुटची वाढ) तळाला. गुणगुण आली की प्रीअँपवरचं ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबून बघा.

लेव्हल लावताना हळुवार वाजवू नका. गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवा आणि मीटरवरची शिखरं उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये एवढी जागा मोकळी सोडली तरी काही बिघडत नाही.

ईक्यूचे (तळ, मध्य, वरचा पट्टा कमी-जास्त करणारे) सगळे नॉब मध्यावर आणि ड्रम सुरू, मगच फिरवाफिरवी. एकट्या बेसवर लावलेला आवाज गाण्यात हरवतो, कारण एकटं ऐकताना सगळ्यांनाच मिड (मधला पट्टा) कापावासा वाटतो. सर्वात जाड ई तारेचा मूळ सूर जेमतेम ४१ हर्ट्झचा. फोनच्या स्पीकरमधून तो येतच नाही, कान तो वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांवरून) ओळखतो. त्यामुळे ७०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डीबी चढवा, बेस लगेच पुढे येतो. तळ वाढवण्याआधी हे करून बघा. ड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) असेल तर ब्लेंडच्या नॉबने स्वच्छ आवाज मिसळलेला राहू द्या, नाहीतर तळ गायब.

दुसऱ्या ट्रॅकवर कोरा डीआय, म्हणजे प्रीअँपचा हात न लागलेला बेसचा थेट सिग्नल हवाच. दोन्ही एकत्र लावल्यावर आवाज पातळ झाला तर एकाची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका; तरीही भरला नाही तर पहिल्या ठोक्यावर झूम करून दोन्ही ट्रॅकच्या लाटा जुळवा. आणि टेक पटला की केबल काढण्याआधी नॉबचा फोटो काढा.